पालखीला खांदा कुणाचा चालतो?

कलमबाग (धाग्याची सुरुवात)

यंदाच्या शिमग्यात आमच्या गावात जे झालं ते आधी सांगतो, प्रश्न नंतर.

गाव रत्नागिरी तालुक्यात, खाडीकाठी. होळी लागली की ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वरच्या वाडीकडे जायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे, उभा चढ, दीडशेक पायऱ्या. माझ्या लहानपणी त्या चढावर खांदा मिळावा म्हणून पोरं हमरीतुमरीवर यायची. यंदा रात्री अकराच्या सुमारास पालखी पाखाडीच्या पायथ्याशी आली तेव्हा दांड्याखाली आम्ही चार जण. दोघे साठी ओलांडलेले. तिसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. चौथा मी, आणि मला डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलेलं. मुंबईकर शनिवारी आले, सहाणेवर (पालखी बसवायच्या चौथऱ्यापाशी) पालखी दणकून नाचवली, व्हिडिओ काढले आणि रविवारी रात्रीच्या गाड्यांनी गेले. त्या दिवशी मंगळवार होता.

अर्ध्या चढावर मागचा दांडा कलला. आमच्या बागेतला दाजू बॅटरी घेऊन मागून येत होता. (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. सगळं गाव त्याला हेच म्हणतं.) त्याने बॅटरी पोराच्या हातात दिली आणि दांड्याखाली शिरला. वरच्या अंगणापर्यंत तोच होता. तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोलायला दम होता कुणात?

दुसऱ्या दिवशी सहाणेवर बोंब, आणि ही शिमग्याची नव्हे. एका मानकऱ्यांचं म्हणणं, पालखीचं शुद्धीकरण करा. मुंबई मंडळाच्या ग्रुपवर रात्रीत तीनशेवर मेसेज पडले. मजा म्हणजे त्यात सगळ्यात तावातावाने लिहिणारा गृहस्थ गेली सहा वर्षं शिमग्याला आलेला नाही.

दाजू गावात चौदा वर्षं आहे. मुळचा नेपाळातल्या रोल्पा जिल्ह्यातला. त्याची तीन मुलं आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. शाळेच्या पटावर एकूण अकरा मुलं, त्यातली ही तीन. थोरली मुलगी नमनातली गवळण गावातल्या पोरींपेक्षा बरी म्हणते, कारण गावात तिच्या वयाची दुसरी पोर फक्त एकच आहे. मोहोर आल्यापासून शेवटची पेटी भरेपर्यंत फवारणी, माकडं, रात्रीची राखण सगळं तोच बघतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. हा आंबा इथल्याच मातीचा, असं सरकारी कागदावर आलं. आनंद आहे. पण ते कलम राखणारा हात रोल्प्याचा आहे, ते कुठल्या कागदावर येणार?

आणि आमच्या देवळात 'बाहेरचं' काय नाही ते सांगा. सभामंडपाची लादी गुजरातेतल्या मोरबीची. दिव्यांच्या माळा चीनच्या. पालखीतल्या रूपांवर (देवतेच्या मुखवट्यांवर) नवी चांदी चढली ती दुबईला असलेल्या गाववाल्याच्या देणगीतून. शिमग्याचं पोस्त आता क्यूआर कोडवर गोळा होतं. या कशाचंच शुद्धीकरण झालं नाही.

बाहेरचा पैसा चालतो, बाहेरची वस्तू चालते, मग माणसाशी अडतं का? दाजूला रीतसर खांदेकऱ्यांत घ्या, असं मी ग्रामसभेत मांडणार आहे. तुमचं काय म्हणणं?

देवरहाटी

तुमच्या दाजूबद्दल माझ्या मनात तिळमात्र वाईट नाही. त्या रात्री त्याने केलं ते बरंच केलं, आणि शुद्धीकरण म्हणणाऱ्यांना मीही हात जोडीन. पण एका रात्रीची अडचण वेगळी आणि 'रीतसर घ्या' वेगळं.

मानपान म्हणजे नुसता मोठेपणा नव्हे. तो कामाचा वाटा आहे. होळीचा माड कुणी तोडायचा, रूपं कुणी लावायची, पहिला ढोल कुणाचा, पाणी कुणी घालायचं, गाऱ्हाणं कुणी घालायचं, हे घराघराला वाटून दिलेलं आहे. ते काम त्या घराण्याच्या गळ्यात असतं म्हणूनच कुठल्यातरी कंपनीत साहेब झालेला माणूसही रजा टाकून येतो. न येऊन चालत नाही, घराण्याची लाज जाते. उद्या 'ज्याला जमेल त्याने खांदा द्यावा' असं केलंत की ज्याला जमत नाही तो सुटला. आज चार आहेत, पुढच्या वर्षी दोन असतील.

आणि एकदा दार उघडलं की त्यातून फक्त दाजू आत येणार नाही. समुद्रकाठच्या गावांत शिमग्याला पाहुणे येऊ लागलेत. पाच वर्षांनी कुणीतरी पाट्या लावील, 'पालखी नाचवण्याचा अनुभव, प्रत्येकी पाचशे रुपये, चहा-नाश्ता धरून'. तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणाल?

रापण

माका एक सांगा, तुमच्या गावात येवन पालखी व्हाणारो तो रोल्प्याचो बाबा देवाक बाटवता आणि फोनवरसून शिमगो करणारे मुंबयकार बाटवनत नाय? तीनशे मेसेज टाकूक वेळ गावता, तीन दिस सुटी काढूक गावणा नाय. व्हय म्हाराजा!

लालबाग ते लांजा

वर 'मुंबईकर' म्हणून ज्यांची हजेरी घेतली जातेय त्यातलाच मी एक. सावकाश लिहितो, कारण राग आलाय.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काही महिने वाट बघून वडील आम्हाला घेऊन गावी आले. दोन वर्षं राहिलो. त्या दोन वर्षांत पालखीला खांद्यांची रांग असायची, पोरं ताटकळायची. आजी हे फार कौतुकाने सांगायची. तिने न सांगितलेला भाग असा, की त्याच दोन वर्षांत आमच्या घरात संध्याकाळी पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा याशिवाय काही नसायचं. खांदे होते, कारण पोटाला काम नव्हतं. कोकणातल्या भरलेल्या शिमग्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

गावचा सण आधीही बाहेरच्याच पैशावर चालायचा. पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर आणायचा, आता बँकेत जमा होतो, फरक एवढाच. आमच्या मंडळाने गेल्या दहा वर्षांत देऊळ बांधलं, सहाणेला शेड घातली, पाखाडीला रेलिंग लावलं. त्याच रेलिंगला धरून म्हातारे चढतात. ते आम्ही पाठवलेल्या पैशाने नाही आलं तर कशाने आलं?

आता सुट्टीचं. गिरणीत बदली कामगार ठेवून वडील महिनाभर गावी येत. आमच्या ऑफिसात होळीची एक रजा, तीही धुळवडीची. मी लॉजिस्टिक्समध्ये आहे आणि मार्च म्हणजे आमचं वर्षअखेर. साहेब गुरगावला बसतो, त्याला पालखी म्हणजे काय हे समजावता समजावता माझी पदोन्नती गेली असती.

म्हणून माझा प्रस्ताव वेगळा आहे. दाजूला घ्या किंवा घेऊ नका, पण पालखीचे घरोघर फिरण्याचे दिवस शनिवार-रविवार धरून लावा. तिथीचा बाऊ करू नका. एकाच तालुक्यात कुठे तेरसेचा शिमगा, कुठे भद्रेचा. दोन वेगळे दिवस पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. देव कुणावर कोपला नाही.

कलमबाग

@लालबाग ते लांजा, पेज-बांगड्याचं पटलं. मूळ लेखात मी जुन्या दिवसांचं जरा जास्तच गोड लिहिलं असावं.

पण शनिवार-रविवार नाही पटत. आमच्याकडे साडेतीनशेच्या वर उंबरे आहेत. पालखी प्रत्येक उंबऱ्यावर थांबते, गुरव प्रत्येक घराचं गाऱ्हाणं घालतात. कुणाची पोर वर्षभर आजारी, कुणाचा जमिनीचा दावा, ते देवाला नाव घेऊन सांगतात. दोन दिवसांत उरकायचं म्हटलं तर एका घराला किती मिनिटं? टोकन काढावं लागेल.

आणि त्या उंबऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कुलूप. बंद दारासमोरही पालखी थांबते. गुरव कुलपाकडे बघून गाऱ्हाणं घालतात, 'बा म्हाराजा, ह्या घरची लेकरं जिथं असतील तिथं सुखी ठेव', आणि आम्ही चौघं 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ज्याचं गाऱ्हाणं ते ऐकायला तिथे कुणीच नसतं.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून थोडे आकडे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला, साडेआठ लाखांच्या किंचित खाली. राज्यात त्या दशकात लोकसंख्या कमी झालेले जिल्हे तीनच. तिसरा मुंबई शहर, आणि त्याची कारणं वेगळी. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचं ज्याने त्याने आपल्या वाडीतली कुलपं मोजून ठरवावं.

नेपाळी कामगार आले त्याचाही हिशेब आहे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं. कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, हापूस आणि काजूची लागवड झपाट्याने वाढली. त्याच दशकात अर्थव्यवस्था खुली झाली, नोकऱ्या ठाणे-पुण्याकडे वाढल्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि जायला सोपं झालं तसं येणंही सोपं झालं. पण लोक गेले जास्त. बागा वाढल्या, हात घटले. ती फट नेपाळने भरली. बंदरात मच्छीमारी बोटींवर खलाशी बघा, तीच गोष्ट.

म्हणजे हा दाजूचा प्रश्न नाही. ज्या अर्थकारणाने तुमचा मुलगा वाशीला नेला त्यानेच दाजूला तुमच्या बागेत आणलं.

२०११ च्याच जनगणनेतला आणखी एक आकडा: रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. राज्यात सगळ्यात जास्त. लोक याला मोठी प्रगती समजतात. मुख्य कारण पुरुष बाहेर गेलेत हे आहे.

सुरंगी

दिवसभर वाट बघत होते की कुणी म्हणतंय का. आता आकडाच आला आहे तर लिहिते.

हजाराला ११२२ बायका. आणि तुम्ही सगळे पुरुष मिळून काथ्याकूट करताय की गावात खांदे नाहीत! खांदे आहेत हो. ते त्या वेळी पालखीबरोबर आलेल्या वीस माणसांच्या चहाचं आधण ठेवून उभे असतात. पुरणपोळ्या करून पाठ मोडलेले असतात. मी स्वतः विहिरीवरून दोन हंडे घेऊन हीच पाखाडी चढत आलेय, नळ येईपर्यंत रोज, पोटुशी असताना सुद्धा. तेव्हा कुणाला वाटलं नाही की हिला झेपणार नाही. पालखीचा दांडा त्याहून जड आहे का?

गणपतीत पण हेच. चाकरमानी येतात, आरत्या म्हणतात, फुगड्यांचे व्हिडिओ काढतात, 'आपली संस्कृती' म्हणून टाकतात. पहाटे चारला उठून मोदकाची उकड काढणारी त्या व्हिडिओत नसते. संस्कृती टिकवायची म्हणजे काय, तर आमच्या कंबरेवर टिकवायची.

काही गावांत बायका पालखी नाचवायला लागल्यात. मी डोळ्यांनी पाहिलंय. देव खाली उतरून पळाला नाही.

देवरहाटी

सुरंगीताई, आपल्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक देवस्थानाची रहाटी असते. सोवळं-ओवळं, विटाळ-सुतक यांचे नेम आमच्या तुमच्या जन्माआधीचे आहेत. सुतकात पुरुषही पालखीला हात लावत नाहीत, म्हणजे हा बायकांवरचा राग नव्हे. बदल करायचा तर देवाला विचारून करावा, कौल लावावा. माणसांनी फेसबुकवर ठरवायचं आणि देवाने ऐकायचं हे मला जमत नाही.

सुरंगी

कौल कोण लावणार? तुम्हीच. देवाला लावलेली कळी उजवी पडली की डावी ते कोण सांगणार? तुम्हीच. बरं आहे.

रापण

गे बाय, बरोबर बोललंस. आमच्याकडे दशावतारात राणी, राधा सगळे पुरुषच होतत, आणि लोक पाया पडतत. बाप्या माणूस लुगडा नेसलो तर देवाक चलता, मगे बाईन दांडो धरलो तर काय झाला?

अवांतर: दशावतारात पण आता ट्रिकसीन इला. धूर काय, लायटी काय, राक्षस हवेत उडता काय. म्हातारे कपाळाक हात लावतत, पण ट्रिकसीनाक जितकी गर्दी तितकी साध्या नाटकाक नाय. ह्या आयकून कलाकार काय करतलो? तेका पण घर चलवचा आसा.

निवास न्याहारी

मी गुहागरच्या बाजूचा, छोटं होमस्टे चालवतो. वर देवरहाटींनी 'पाचशे रुपयांत अनुभव' असा टोला मारलाय तो माझ्यासारख्यांनाच आहे, म्हणून बोलणं भाग आहे.

होय, मी संस्कृती विकतो. चूल फक्त फोटोपुरती पेटवतो, रांधतो गॅसवर. 'आजीच्या हातचे घावणे' असा फलक आहे, करते माझी बायको, आणि ती अजून आजी नाही. उकडीचे मोदक आमच्याकडे बारा महिने मिळतात. पाहुण्यांना सुरमई हवी असते, मुडदुशे आणि कर्ली कुणी विचारत नाही, काट्यांची भीती. गेल्या वर्षी एकाने विचारलं, शिमगा मे महिन्यात ठेवता येईल का, मुलांना सुट्ट्या असतात! हसू नका, तो मनापासून विचारत होता.

पण दुसरी बाजू ऐका. माझा मुलगा पुण्यात सतरा हजारांवर राबत होता, कॉट बेसिसवर राहत होता. धंदा बरा चालायला लागल्यावर परत आला. त्याचे दोन मित्र आले, एकाने बोट घेतली, पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो. तिघंही आज आमच्या पालखीला आहेत, मंगळवारी सुद्धा. पाहुण्यांना आम्ही खांदा देत नाही, अंगणात बसून बघू देतो. मला सांगा, माझ्या बाजारू होमस्टेने परंपरेला तीन खांदे दिले. तुमच्या शुद्ध गावाने किती दिले?

देवरहाटी

तीन खांदे मिळाले याचा आनंदच आहे. पण मोदक बारमाही झाला तिथे चतुर्थीला उरलं काय, याचा विचार करा. आमच्या लहानपणी वर्षभर वाट बघायचो.

निवास न्याहारी

वाट बघायचो कारण गूळ आणि तांदूळ परवडत नव्हता, काका.

सातबारा

आतापर्यंत वाचत होतो. मानपान म्हणजे 'कामाचा वाटा' हे वाचून राहवलं नाही.

वाटा कुणी वाटला? आमच्या गावात पालखी आमच्या वाडीच्या वेशीवर यायची आणि थांबायची. आम्ही पुढे जाऊन नारळ ठेवायचा, मागे सरायचं. ढोल वाजवायला आम्ही, होळीला लाकडं फोडायला आम्ही, पण दांड्याला हात नाही. हाही 'वाटा'च होता. माझ्या आजोबांनी खोताच्या शेतात आयुष्य काढलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. जमिनीतली खोती गेली, पालखीतली बऱ्याच गावांत अजून आहे. मानावरून दोन गट कोर्टात गेलेले, शिमग्याला पोलीस बंदोबस्त लागलेला, हे कोकणात कुणाला माहीत नाही असं नाही.

आणि याच रत्नागिरी शहरात १९३१ ला भागोजीशेठ कीर यांनी सगळ्या जातींसाठी पतितपावन मंदिर बांधून दिलं. आपल्या जिल्ह्याला सुरुवात करायची सवय आहे, पुढे न्यायची नाही.

@कलमबाग, तुमचा प्रस्ताव चांगला आहे. पण खरं विचारतो, राग मानू नका. दाजूसाठी ग्रामसभेत उभे राहताय. गावातल्या गावात ज्यांना दांड्याला हात लावू दिला नाही त्यांच्यासाठी कधी उभे राहिलात?

कलमबाग

नाही राहिलो.

आमच्याकडे वेशीवर थांबण्याची पद्धत माझ्या आठवणीत बंद झाली, पालखी आता सगळ्या वाड्यांत जाते. पण खांदेकऱ्यांच्या यादीत त्या वाडीतलं नाव नाही. यादी मी कधी नीट वाचलीच नव्हती, परवा वाचली. मूळ लेखात 'गावात माणसं नाहीत' असं लिहिलं तेव्हा मी ज्यांना माणसांत धरत होतो तेवढीच नाहीत, हे आता लक्षात येतंय. सुरंगीताईंनी निम्मं सांगितलं, उरलेलं तुम्ही.

लालबाग ते लांजा

हे बरोबर आहे, पण एकदम सगळं काढलंत तर ग्रामसभेत एकही ठराव पास होणार नाही. आधी एक, मग दुसरं. आमच्या मंडळात पालखीच्या फेसबुक लाइव्हला परवानगी मिळायला दोन वर्षं गेली होती. २०२० ला गणपतीत गावी जायचं तर आधी विलगीकरण, तेव्हा निम्मे लोक गेलेच नाहीत. घरात बसून मोबाइलवर गावची आरती बघितली, मग सगळेच म्हणायला लागले लाइव्ह हवंच. माणसं अडचणीतच बदलतात.

सातबारा

आमची अडचण नव्वद वर्षं जुनी आहे. 'आधी एक, मग दुसरं' मध्ये आम्ही नेहमी दुसरे.

खाडीपल्याड

मी दाभोळच्या बाजूचा, कतारला असतो. कोकणी मुसलमान आहे, तेव्हा पालखीच्या दांड्यावर मी मत देणं बरं नाही. पण आमच्या मोहल्ल्याचं चित्र वेगळं नाही म्हणून लिहितो. आखातातल्या पैशाने दोन-दोन मजल्यांचे बंगले झाले, संगमरवरी जिने, आत कोण, तर अम्मी आणि कुलूप. राखणीला आमच्याकडेही नेपाळीच. गेली दोन-तीन वर्षं रमजान आणि शिमगा एकाच सुमारास आले. माझी अम्मी फोनवर सांगत होती, इफ्तारला मशिदीत मुलं कमी, आणि पलीकडे ढोल वाजवायला मुलं कमी. ती म्हणाली, दोन्ही गावं म्हाताऱ्यांची झाली.

एक गोष्ट सांगतो. इथे कतारमध्ये मी अकरा वर्षं आहे. काम करतो, पगार घेतो, इथल्या सणाला सुट्टीही मिळते. पण इथला कधीच होणार नाही, कागदावर नाही आणि माणसांतही नाही. मुदत संपली की परत. तुमच्या दाजूला चौदा वर्षांनी कुणी खांदा देऊ दिला एका रात्रीपुरता, त्याला काय वाटलं असेल ते मला समजतं. दुसऱ्या दिवशी शुद्धीकरण म्हणाले तेव्हा काय वाटलं असेल तेही.

@कलमबाग, एक विचारायचं राहिलं. त्याच्या स्वतःच्या गावच्या देवाला खांदा कोण देतो?

रापण

ह्यो प्रश्न माका सुचाक होयो होतो.

देवरहाटी

खाडीपल्याड, तुमचं लिहिणं वाचून थोडा वेळ काही टंकलं नाही.

माझं मत बदललं असं समजू नका. नेम नसतील तर सणाचा बाजार होतो, यावर मी ठाम आहे. निवास न्याहारींचा मुलगा परत आला तसे सगळ्यांचे येणार नाहीत. पण शुद्धीकरणाची भाषा करणाऱ्या मानकऱ्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवं, की पालखी पडू देणं हा मोठा दोष, आणि ती ज्याने सावरली त्याला नारळ देतात. कलमबाग, तुमच्या ग्रामसभेत हे म्हणून बघा. खांदेकऱ्यांच्या यादीचं मात्र कौल लावूनच करा. आणि सुरंगीताई, कळी कुठे पडली ते बघायला चार बायकाही समोर बसवा, माझी हरकत नाही.

सुरंगी

चहा कोण करणार मग?

निवास न्याहारी

मी करतो. फुकट.

कलमबाग

उशिरा उत्तर देतोय, आंब्याचा हंगाम आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही.

ग्रामसभा झाली. दाजूला नारळ द्यायचा ठराव झाला, देवरहाटींनी सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं वापरलं, चाललं. शुद्धीकरण मागे पडलं. खांदेकऱ्यांच्या यादीत मी तीन गोष्टी एकदम मांडल्या: दाजू, खालची वाडी आणि बायका. लालबागकरांनी सांगितलं तेच झालं, गोंधळ उडाला आणि विषय पुढच्या वर्षी रूपं लावण्याआधी कौल लावू म्हणून टांगला गेला. खालच्या वाडीतले चौघे बैठकीला आले होते, ते काही न बोलता उठून गेले. @सातबारा, त्यांच्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. काय बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अजून जायला लागेल.

मुंबई मंडळाने ऑनलाइन बैठक लावली होती. नेटवर्क गेलं.

@खाडीपल्याड, तुमचा प्रश्न दाजूला विचारला. पेट्यांत गवत भरत होता. म्हणाला, गावात देव वर डोंगरावर आहे, वर्षातून एकदा खाली आणतात. आता पोरं कुणी कतारला, कुणी मलेशियाला, कुणी इथे. आणतात म्हातारे, आणि गेल्या दोन वर्षांपासून बायका. कुणी भांडलं नाही का, विचारलं. हसला. म्हणाला, भांडायला पण माणसं लागतात ना साहेब.

आंबा आटोपला की तो महिनाभर घरी जाणार आहे, पाच माणसं. रत्नागिरीहून मुंबई, तिथून गोरखपूर, मग सोनौलीची हद्द आणि पुढे दिवसभर बस. जूनच्या पहिल्या आठवड्याचं आरक्षण उघडल्या उघडल्या बसलो होतो, मिनिटभरात वेटिंग दीडशेच्या पुढे. मुंबईकरांचं गणपतीत होतं तेच याचं जूनमध्ये. गोरखपूरचं कन्फर्म काढून देणारं कुणी ओळखीचं असेल तर व्यक्तिगत निरोप टाका. थोरलीला खिडकी हवी आहे.